मामाचं आयुष्य ६४ पानांत बसवायचंय, कुलपं ठेवू का काढू?

मुठाकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा मामा चित्रकार आहे. म्हणजे नावाजलेला वगैरे नाही, तुम्ही नाव ऐकलेलं असायची शक्यता नाही आणि मी इथे देणारही नाहीये. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवली आणि उरलेल्या वेळात वॉटरकलर. विषय एकच, पेठांमधले वाडे. सदाशिव, नारायण, शनिवार, कसबा. आता त्यातले बहुतेक वाडे पाडून तिथे अमुक हाइट्स आणि तमुक रेसिडेन्सी उभ्या राहिल्यात, त्यामुळे मामाची चित्रं आपोआप ऐतिहासिक झालीयेत. मामा म्हणतो मी काही केलं नाही बाई, जे केलं ते बिल्डरांनी.

तर मार्गशीर्षात मामाचं सहस्रचंद्रदर्शन आहे आणि घरच्यांनी ठरवलंय की त्यानिमित्त एक पुस्तिका काढायची. ६४ पानं, १०-१२ चित्रं, बाकी मजकूर. मजकूर माझ्या गळ्यात पडलाय, कारण काय तर मी मराठी घेऊन बीए केलंय. बीएला पेपरात रससिद्धांत होता हो, मामा नव्हता.

आता खरी अडचण. मामाला कुलपांचं वेड आहे. छंद नाही, वेडच. नोकरीत होता तेव्हा रविवारी आणि रिटायर झाल्यावर बुधवारी पण जुन्या बाजारात जायचं आणि कुलूप आणायचं. पितळी, लोखंडी, अलिगढची, गोदरेजची जुनी जड, किल्ली उलटी दोनदा फिरवल्याशिवाय न उघडणारं, किल्लीचं भोक कुठाय तेच न सापडणारं, एक तर नारळाएवढं आहे ते कुठल्या कोठाराचं असणार देव जाणे. मागच्या दिवाळीत मी मोजली, ३१४ भरली. शिवाय सवाई, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सव. भारतीय बैठकीत एका कडेला बसून मांडीवर वही, गाणाऱ्यांची आणि त्याहून जास्त ऐकणाऱ्यांची स्केचेस. अशा २२ वह्या आहेत.

मामेभाऊ म्हणतो कुलपं पूर्ण काढ. त्याचं म्हणणं, लोकांच्या हातात पुस्तक जाणार, त्यात चित्रकार म्हणून माणूस उभा राहायला पाहिजे, भंगार गोळा करणारा म्हातारा म्हणून नको. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही ते धड सांगताही येत नाहीये. कलाकारांच्या आयुष्याबद्दल लिहिताना अशा गोष्टींचं काय करतात? कला एका प्रकरणात आणि बाकीची वेडं शेवटी 'इतर आवडी' मध्ये, असं? कुणी वाचलंय, लिहिलंय, बघितलंय ते सांगा प्लीज.

तुळशीबागेतला टोपीवाला

कुलपं ठेवा. मामेभावाला काढा.

बाजीरावरोडकर

टोपीवाल्यांशी सहमत :)

ताई, तुम्ही पुण्यात राहता आणि हा प्रश्न विचारता म्हणजे कमाल आहे. बाजीराव रोडवर नातू बागेपाशी जा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे इमारत होऊन उभं आहे. केळकर म्युझियम. शाळेच्या सहलीत सगळ्यांनी बघितलेलं असतं, त्यामुळे मोठेपणी कुणी फिरकत नाही.

दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६. धंदा चष्म्यांचा. आणि माणूस कवी, 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायचे. १९२० च्या आसपास वस्तू जमवायला लागले आणि मग थांबलेच नाहीत, १९९० मध्ये गेले तोपर्यंत म्हणजे सत्तर वर्षं म्हणा. १९६० पर्यंतच पंधरा हजारांच्या आसपास वस्तू झाल्या होत्या, आता वीस हजारांच्या वर आहेत आणि जागेअभावी त्यातल्या अडीचेक हजारच मांडलेल्या आहेत. म्हणजे आपण सहलीत बघितलं ते आठातलं एक.

आणि काय जमवलं ते बघा. राजेरजवाड्यांच्या तलवारी कुणीही जमवेल. या माणसाने दिवे जमवले, अडकित्ते जमवले, पानाचे डबे, दौती, सारीपाट, स्वयंपाकघरातली भांडी, खेळणी, दारंच्या दारं. तिथे अंघोळीच्या वेळी पाय घासायच्या वज्र्या आहेत, एकीवर मोर, एकीवर हत्ती. टाच घासायची वस्तू हो! ती ज्याने घडवली त्याला वाटलं की हिच्यावर एक मोर पाहिजे, आणि दोनशे वर्षांनी दुसऱ्या एका माणसाला वाटलं की हा मोर मोडीत जाता कामा नये. हे मला तरी कवीचंच काम वाटतं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून म्युझियममध्ये परत उभे केलेत, ते तर वेगळंच.

आता तुमच्या मामेभावाचा मुद्दा त्यांना लावून बघा. 'कवी म्हणून उभे करा, अडकित्ते काढा.' काय उरेल? अज्ञातवासींची कविता आज किती जणांना पाठ आहे, मला तरी एक ओळ येत नाही आणि मी तिथून पाच मिनिटांवर राहतो. उलट मला वाटतं की त्यांची कविता कुठे गेली नाही, ती कागदावरनं उठून कपाटात जाऊन बसली.

म्युझियमचं नाव 'राजा दिनकर केळकर' आहे, लोकांना वाटतं हे कुणी संस्थानिक होते. राजा हा त्यांचा मुलगा, लहानपणीच गेला. त्याचं नाव दिलंय. हे कळल्यावर ते दिवे बघताना वेगळंच वाटतं, मला तरी वाटलं. मग यात छंद कुठे संपला आणि आयुष्य कुठे सुरू झालं ते तुम्हीच ठरवा.

तर तुमच्या पुस्तिकेत 'इतर आवडी' हे प्रकरण आलं तर मी विकत घेणार नाही. (विकणार नसालच, तरी.)

गाडीवेडा४११००४

वरचा प्रतिसाद जबरी. माझी भर.

भीमसेनजींचं उदाहरण घ्या कारण तुमचे मामा सवाईवालेच आहेत. पंडितजींना गाड्यांचं वेड होतं हे पुण्यात सगळ्यांना माहितीये. नुसतं गाड्या ठेवायचं नाही, चालवायचं. मैफल आटपली की रात्री स्वतः स्टिअरिंगवर बसून शेकडो किलोमीटर, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात मैफल. गाडीचं पोट उघडून त्यात काय बिघडलंय तेही कळायचं त्यांना. पुढे विमानाने इतके फिरायला लागले की पु.लं.नी त्यांना 'हवाईगंधर्व' म्हणून टाकलं.

लोक हे गंमत म्हणून सांगतात, की बघा एवढा मोठा गवई आणि गाडीचा नाद. पण सुरुवातीपासून बघितलं ना तर ही गंमत नाहीये. १९२२ चा जन्म, गदगकडचे. अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी रेकॉर्डवर ऐकली आणि अकराव्या वर्षी गुरू शोधायला घर सोडलं. १९३३ साल, खिशात पैसे नाहीत, बिनतिकीट रेल्वे, डब्यात गाऊन दाखवायचं आणि पुढे जायचं. विजापूर, पुणे, ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंदर. अख्खा देश पालथा घातला आणि गुरू कुठे मिळाले तर घराच्या जवळच, कुंदगोळला, सवाई गंधर्व. १९३६ पासून तिथे राहून शिकले, गुरूच्या घरी पाणी भरण्यापासून सगळं केलं. तर अकराव्या वर्षी रेल्वेत बसलेला मुलगा नंतर कधी उतरलाच नाही, फक्त रेल्वेच्या जागी गाडी आली असं मला वाटतं. त्यांची तान ऐका, वळणावर ब्रेक न लावता घेतलेल्या गाडीसारखी आहे की नाही? हे माझं मत आहे, शास्त्रीय संगीतवाल्यांनी मारायला येऊ नये.

त्यामुळे कुलपं कशामुळे सुरू झाली ते शोधा. पहिलं कुलूप कुठलं ते मामांना विचारा. ते सापडलं की पुस्तक सापडलं.

आणि त्या २२ वह्या!!! गुरू गेले १९५२ ला आणि पुढच्याच वर्षी पंडितजींनी महोत्सव सुरू केला, तेव्हापासूनचं सवाई म्हणजे पुण्याचा निम्मा इतिहास आहे. फोटो गाणाऱ्यांचे निघतात, ऐकणाऱ्यांचे कुणी काढत नाही. रमणबागेत रात्रभर चालायचं तेव्हा पहाटे चार वाजता शाल गुंडाळून माना टाकलेले लोक, थर्मास, स्वेटर विणणाऱ्या बायका, हे असेल ना त्यात? असलं तर आधी ते स्कॅन करा बाकी सगळं नंतर. एका गल्लीतल्या स्कॅनरवाल्याला ओळखतो मी, व्यनि (खाजगी निरोप) करा.

मुठाकाठची

@गाडीवेडा, अहो आहे की! एका वहीत एक आजोबा झोपलेत आणि त्यांच्या डोक्यावरची माकडटोपी शेजारच्या माणसाच्या खांद्यावर टेकलीये. खाली मामाने लिहिलंय 'दरबारी, विलंबित'.

@बाजीरावरोडकर, शनिवारी जाते म्युझियममध्ये. शेवटचं सहावीत गेले होते, मलाही संस्थानिकच वाटले होते.

दुर्गवेडा

गोनीदांचं पण बघा. गोपाळ नीलकंठ दांडेकर. जन्म १९१६, शाळकरी वयात घर सोडलं, गाडगेमहाराजांबरोबर राहिले, नर्मदा परिक्रमा पायी केली आणि मग तळेगावला स्थिरावले. किल्ल्यांचं वेड तर असं की लोक आधी 'किल्लेवाले गोनीदा' म्हणतात आणि मग कादंबरीकार. कॅमेरा गळ्यात अडकवून किल्ल्यांचे फोटो काढले ते वेगळेच.

पण मुद्दा असा की त्यांच्या कादंबऱ्यांतनं सह्याद्री काढून बघा, नर्मदा काढून बघा. उरलेल्या पानांना पिन मारायची पण गरज पडणार नाही. पायांनी जे केलं तेच हाताने लिहिलं. तुमच्या मामांच्या चित्रांत कुलपं असतीलच की कुठेतरी, वाड्यांच्या दारांना! तेवढं एक शोधलंत की मामेभाऊ गप.

कोथरूडकरीण

मी जरा उलटं बोलणार आहे, राग मानू नका कुणी.

वरचे सगळे प्रतिसाद वाचले. केळकर, भीमसेनजी, गोनीदा. छान आहेत, मलाही ही सगळी माणसं प्रिय आहेत. पण एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली का? वेड कुणाचं ते सगळ्यांनी सांगितलं, ते वेड घरात ठेवलं कुणी ते एकानेही नाही. @बाजीरावरोडकर, तुम्ही वीस हजार वस्तू सांगितल्यात. केळकरांच्या पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या, त्यांचं नाव तुमच्या एवढ्या लांब प्रतिसादात नाही. एवढं सगळं म्युझियम व्हायच्या आधी कुठे होतं? घरातच ना? कुणीतरी त्या दिव्यांच्या मधनं वाट काढत स्वयंपाक केला असेल.

आणि वेड नेहमी गोड नसतं. बालगंधर्वांना सगळं अस्सल लागायचं. स्टेजवर अत्तर अस्सल, शालू अस्सल, गालिचे अस्सल. आपण कौतुकाने सांगतो. गंधर्व नाटक मंडळी त्याच पायी कर्जात किती बुडाली ते हळू आवाजात सांगतो. १९६८ ला त्यांच्या नावाचं रंगमंदिर झालं तेव्हा ते स्वतः बघायला नव्हते, १९६७ लाच गेले, आणि शेवटची वर्षं कशी गेली ते माहिती असणाऱ्यांना माहिती आहे.

आता घरचं सांगते. माझे वडील पेटी वाजवायचे, नाटकाला, भजनाला, कुणी बोलावेल तिथे. आणि वेड रेडिओचं. व्हॉल्व्हवाले जुने रेडिओ, बंद पडलेले आणायचे आणि चालू करायचे. दोन खोल्यांचं घर, त्यात १९ रेडिओ. आईला कपाट हवं होतं, साधं लोखंडी कपाट, तिच्या साड्या ट्रंकेत असायच्या. मी बारावीत जाईपर्यंत कपाट आलं नाही कारण ते ठेवायला भिंत नव्हती. सगळ्या भिंतींना रेडिओ. बाबांच्या पंचाहत्तरीला अशीच पुस्तिका निघाली, सुंदर निघाली, रेडिओंवर एक मोठा लेख होता, लोकांनी फार कौतुक केलं. आईबद्दल चार ओळी होत्या, 'सौ.ची समर्थ साथ लाभली' वगैरे. तो लेख मी लिहिला होता. आई आता नाहीये आणि तो अंक मी परत उघडत नाही.

ताई, तुमच्या धाग्यात मामा आहेत, मामेभाऊ आहे, तुम्ही आहात, ३१४ कुलपं आहेत. मामी आहेत का? असतील तर त्यांना विचारलंत का?

बाजीरावरोडकर

निरुत्तर. कमलाबाईंचं राहिलं ते राहिलंच, माझी चूक.

पानपूरकप्रेमी

इथे सगळे तत्त्वज्ञानात शिरलेत म्हणून मी जरा छपाईचं बोलतो, तीस वर्षं प्रेसमध्ये काढलीयेत.

६४ पानं म्हणजे १६ पानांचे चार फर्मे (एका मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घालतात तो फर्मा), हे बरं आहे, ६० किंवा ७० च्या भानगडीत पडू नका, पैसे तेवढेच जातात आणि कोरी पानं पदरात पडतात. रंगीत चित्रं सगळीकडे विखरू नका. सगळी एका फर्म्यात घाला, बाकी तीन फर्मे एकरंगी, खर्च निम्म्यावर येईल. वॉटरकलरला चकचकीत आर्ट पेपर वापरू नका, चित्र कॅलेंडरसारखं दिसतं, मॅट घ्या. मामांनी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद वापरला असेल, त्या वयाचे पुण्यातले बरेच चित्रकार तोच वापरायचे, तर त्याचा जो खरखरीतपणा आहे तो छापताना मोबाइलच्या फोटोत येत नाही, स्कॅनच पाहिजे. काचेच्या फ्रेममधली चित्रं फ्रेम काढून स्कॅन करा. काचेवरनं फोटो काढला की चित्रात ट्यूबलाइट येते, आणि एका पुस्तिकेत तर फोटो काढणारा जावईच आलेला मी स्वतः छापलाय.

आणि एक. दोन जणांना प्रूफं वाचायला द्या, त्यातला एक घरचा नको. घरचे फक्त आपलं नाव बरोबर आलंय का ते बघतात.

मुठाकाठची

आठ दिवसांनी येतेय, माफ करा. कोथरूडकरीण ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी लॉगआऊटच केलं होतं. मामीला विचारलंच नव्हतं. डोक्यातच आलं नव्हतं हो. दर दिवाळीला तिच्या हातच्या चकल्या खाते आणि डोक्यात आलं नाही.

रविवारी मामा बाजारात गेला आणि मी मामीकडे. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून म्हटलं, मामी तू सांग. आधी म्हणाली माझं काय सांगायचंय, त्यांनाच विचार. मग जे सुरू झाली ते दोन तास. मध्ये दोनदा दूध उतू गेलं.

थोडं थोडं सांगते. मामी ब्लाऊज शिवायची, सगळी नारायण पेठ तिच्याकडे यायची, मामाच्या पगारात घर आणि मामीच्या शिलाईत कुलपं, असा साधारण हिशोब होता, म्हणजे तसा कुणी ठरवलेला नव्हता पण होता तसाच. पितळी कुलपं वर्षातनं दोनदा चिंच लावून ती घासते, अजूनही. मामा हात लावत नाही, त्याला म्हणे घासलेली आवडत नाहीत, काळपट असतानाच ती खरी दिसतात. यावर त्यांचं पन्नास वर्षं भांडण चालू आहे.

एकदा, मामेभाऊ लहान असताना, फी भरायची होती आणि मामा त्याच दिवशी नवीन कुलूप घेऊन आला. मामीचं डोकं फिरलं. पाच कुलपं पिशवीत घातली, बुधवारी मामा शाळेत असताना जुन्या बाजारात गेली आणि विकून आली. फी भरली. पुढच्या रविवारी मामा बाजारातनं आला, खूश, पिशवी टेबलावर ओतली. तीच पाच. मामीला म्हणाला, 'बघ काय सुरेख माल मिळालाय, असली आपल्याकडे नव्हती!' आणि तिने विकली त्याच्या दीडपटीने आणली होती.

मी विचारलं, मामाला कळलं होतं की नाही? मामी म्हणाली, 'चाळीस वर्षं झाली, मला अजून कळलेलं नाही त्यांना कळलं होतं का ते.'

आता पहिलं कुलूप. @गाडीवेडा, तुम्ही म्हणाला होतात ना. मामी म्हणाली पानशेत. १२ जुलै १९६१. मामा तेव्हा सोळा-सतराचा, ही मंडळी शनिवार पेठेत नदीच्या बाजूला एका वाड्यात दोन खोल्या घेऊन भाड्याने राहायची. धरण फुटलं, पाणी येतंय म्हणून ओरडा झाला तशी माझ्या आजीने दाराला कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली आणि पोरं घेऊन सगळे पर्वतीवर. पाणी ओसरल्यावर परत आले तर गल्लीत गुडघाभर चिखल, बोळाकडची अख्खी भिंत पडलेली, आतलं सगळं वाहून गेलेलं, आरपार दिसत होतं. पण दार चौकटीसकट उभं आणि कडीला कुलूप तसंच. आणि आजीने काय करावं? भिंत नाहीये, सरळ आत जाता येतंय, तर ती दारापाशीच गेली. किल्ली काढली. कुलपात गाळ बसलेला, फिरेना. मामाने खिळा शोधून गाळ कोरून काढला, मग कुलूप उघडलं, आणि आजी दारातनं घरात गेली. ते कुलूप मामाने ठेवून घेतलं. म्हणे तिथनं सगळं.

मला रडूच आलं. म्हटलं झालं, पुस्तक मिळालं.

तेवढ्यात मामा आला. मी म्हटलं मामा ते पानशेतचं कुलूप दाखव ना. तर म्हणाला कसलं पानशेतचं? ते कोपऱ्यातलं गंजकं? ते मी ७१-७२ साली बाजारातनं दोन रुपयांना आणलंय. पुरातलं कुलूप आपल्याकडे नाहीच, आईने नवीन घराला लावलं होतं ते आणि तिथेच कधीतरी गेलं. मामी म्हणाली सासूबाईंनी मला स्वतः हातात देऊन दाखवलंय. मामा म्हणाला आईला सगळी कुलपं सारखीच दिसायची. मग त्यांचं जुंपलं, मी चहा करून घेतला.

@दुर्गवेडा, तुमचं ऐकून चित्रं पण सगळी परत बघितली. ८६ चित्रं. कुलूप एकाही दाराला नाही! सगळी दारं सताड उघडी. मी म्हटलं आता इथे तरी काहीतरी खोल अर्थ असणार. मामाला विचारलं तर म्हणाला, 'बंद दार काढलं की चित्र तिथेच संपतं ना. उघडं असलं की आत काळोख मिळतो, त्या काळोखामुळे बाहेरचं ऊन दिसतं. वॉटरकलरमध्ये पांढरा रंग वापरायचा नसतो, ऊन म्हणजे कोरा कागद, मग ते दाखवायला शेजारी काळं नको?' एवढं बोलून टीव्ही लावला.

आता सांगा, मी काय लिहू? मामीचं का मामाचं? कुलूप एकच आहे आणि त्याच्या दोन गोष्टी आहेत.

तुळशीबागेतला टोपीवाला

त्याची किल्ली आहे का पण?

मुठाकाठची

नाही. त्या एकाचीच नाही.

कोथरूडकरीण

दोन्ही लिहा. समोरासमोरच्या पानांवर, डावीकडे मामी उजवीकडे मामा, आणि मध्ये तुम्ही शहाणपणा करू नका. कुणाचं खरं ते वाचणारे आपापसात भांडतील, पुणेकरांना तेवढं काम पुरतं.

आणि ती पाच कुलपांची गोष्ट मामींना विचारूनच छापा. त्यांना कदाचित ती मामांनी वाचायला नको असेल. किंवा हवी असेल, तेही विचारा.

बाजीरावरोडकर

+१. 'इतर आवडी' रद्द झालं ना? मग मी एक प्रत घेतो.

अवांतर: मीही रविवारी म्युझियमला जाऊन आलो, पंचवीस वर्षांनी. वज्र्या बघताना शेजारी एक आजी नातीला सांगत होत्या, 'ही आमच्याकडे होती, मीच मोडीत दिली.' नात म्हणाली, 'मग परत आण ना.'

पानपूरकप्रेमी

समोरासमोर पानं हवी असतील तर डावं पान सम आकड्याचं असतं हे लक्षात ठेवून मजकूर लावा, नाहीतर मामी पान ३१ वर आणि मामा पान उलटल्यावर ३२ वर, आणि सगळी मजा गेली. फर्म्याचं पान जुळवून देतो हवं तर, पैसे नकोत, सवाईच्या वह्या बघायला मिळाल्या तर बघेन.

मुठाकाठची

पैसे नकोत कसे, या तर खरं घरी. मामी म्हणाली पाच कुलपांची गोष्ट छाप, 'पण ती शेवटच्या पानाकडे टाक, ते सुरुवातीची दहा पानं वाचतात आणि झोपतात.' मामेभावाला सगळं वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला ती फी माझी होती का. म्हटलं हो. कुलपं राहतायत.

@गाडीवेडा, स्कॅनरवाल्याचा नंबर व्यनि करा, २२ वह्या आहेत, काय भाव लावेल तेही विचारून ठेवा.